‘मिटवून घ्या’ म्हणणाऱ्यांच्या कागदावर सही करू नका

पत्र

वकीलताई, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात राहते. वय ३८. घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते, खर्च जाऊन महिन्याला बारा हजारांच्या आसपास सुटतात. हे एका दुकानात कामाला आहेत. दोन महिन्यांपूर्वी आम्ही स्कूटरवरून पुण्याला नणंदेकडे गेलो होतो. वारजे पुलाच्या अलीकडे बायपासला एक पांढरी एसयूव्ही मागे लागली. सारखा हॉर्न, अप्पर-डिप्पर. उजवीकडे ट्रक होता म्हणून ह्यांना लगेच बाजूला होता येईना. मग त्याने डावीकडून गाडी काढली, आमच्यापुढे आडवी घातली आणि कचकन ब्रेक मारला. आमची स्कूटर त्याच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. मी उजव्या हातावर पडले. तो खाली उतरला, मलाही नको ते बोलला, “कुणाला सांगायचं त्याला सांगा” म्हणाला आणि निघून गेला. मागच्या टेम्पोवाल्या दादांनी नंबर टिपला, आम्हाला दवाखान्यात नेलं आणि स्वतःचा मोबाईल नंबर दिला.

माझं उजवं मनगट मोडलं, प्लेट बसवली. आतापर्यंत नव्वद हजार गेले. कात्री धरवत नाही. दवाखान्यात गडबडीत ह्यांनी ‘गाडी घसरली’ असं सांगितलं. पोलिसांनी स्टेशन डायरीला नोंद केली आणि मिटवून घ्या म्हणाले. आता त्या माणसाचे काका फोन करतात, २५ हजार देतो, स्टॅम्पवर सही करा. हे म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, शिवाय आपणच मागून धडकलो आणि तू हेल्मेटही घातलं नव्हतंस. मी काय करू? त्या माणसाचं लायसन्स जावं असं मला मनापासून वाटतं.

उत्तर

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी त्या स्टॅम्प पेपरबद्दल. त्यावर सही करू नका, तुम्हीही नाही आणि यजमानांनीही नाही. अशा कागदांवर काय लिहिलेलं असतं ते मला पाठ आहे: ‘सदर अपघात कोणाच्याही चुकीमुळे झालेला नसून आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही, भविष्यात कोणतीही नुकसानभरपाई मागणार नाही.’ एवढी दोन वाक्यं तुमच्या सहीने गेली, की उद्या त्याच्या गाडीच्या विमा कंपनीचा वकील तीच तुमच्यापुढे धरेल. काकांना खरंच दवाखान्याचा खर्च द्यायचा असेल तर तो बँकेतून पाठवू दे. ‘औषधोपचारापोटी’ एवढाच शेरा असावा, बदल्यात कुठलाही कागद नको. ही रक्कम पुढे भरपाईतून वजा होऊ शकते, त्यात गैर काही नाही. आणि काकांशी बोलणं फोनऐवजी मेसेजवर होऊ द्या.

२५ हजार म्हणजे तुमच्या नुकसानाचा किती लहानसा तुकडा आहे, ते पुढे हिशेब करून दाखवते. त्याआधी एक गोष्ट मनात स्पष्ट करून घ्या, कारण तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. त्या माणसाला शिक्षा व्हावी, ही एक. तुमच्या हाताची आणि बुडालेल्या कमाईची भरपाई मिळावी, ही दुसरी. पहिलीसाठी फौजदारी खटला चालतो. तो सरकार चालवतं आणि त्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दुसरीसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा असतो, तिथे ‘असं घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढं दाखवलं तरी पुरतं. बिमला देवी या २००९ च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. उद्या तो फौजदारी खटल्यातून सुटला तरी तुमचा दावा त्यामुळे आपोआप पडत नाही. पण दोन्हीकडे लागणारी कागदपत्रं बरीचशी तीच असतात, आणि ती आत्ताच गोळा करावी लागतात.

आता पोलीस. स्टेशन डायरीची नोंद म्हणजे गुन्हा नोंदवणं नव्हे. तुमचं हाड मोडलं आहे आणि हाड मोडणं ही जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत आहे. हयगयीने वागून अशी दुखापत करणं हा कलम १२५ (ब) खालचा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बेदरकार गाडी चालवण्याचं कलम २८१ वेगळं. हे दोन्ही दखलपात्र गुन्हे आहेत. ते नोंदवणं ही पोलिसांची मेहरबानी नसते. ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे ठणकावून सांगितलेलं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ ही यात लागतं, ते धोकादायक चालवण्याचं. आणि जखमींना तसंच टाकून जाणं हा कलम १३४ मधल्या कर्तव्याचा भंग आहे.

त्यासाठी पुण्याला खेटे घालण्याची गरज नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, तुम्ही तुमच्या जवळच्या ठाण्यात फिर्याद देऊ शकता, ते ती शून्य क्रमांकाने नोंदवून वारज्याला पाठवतील. नोंदवल्यावर प्रत विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. टाळाटाळ झाली तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा (पुणे शहरात ती पोलीस उपायुक्तांकडे जाईल), पोचपावती जपून ठेवा. तरीही हालचाल नसेल तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कलम १७५ (३) खाली अर्ज करता येतो, सोबत शपथपत्र लागतं. दोन महिने उशीर झाला म्हणून कचरू नका. ऑपरेशन, हात प्लास्टरमध्ये, ठाण्यात दिलेली आधीची माहिती हे सगळं फिर्यादीतच लिहा. रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे की अपघातानंतर माणूस आधी जखमीला सांभाळतो, ठाणं नंतर आठवतं, आणि केवळ उशिरापायी भरपाईचा दावा नाकारता येत नाही.

फिर्याद कशी लिहायची, यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण इथेच बहुतेक जण घसरतात. ठाण्यातला जबाब लिहून घेणारा आपल्या सवयीने ‘भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने’ असं लिहून मोकळा होतो. ते शब्द असू द्यात, पण तुम्ही जे पाहिलं ते सगळं त्यात आलंच पाहिजे. गाडी किती वेळ मागे लागली होती, हॉर्न आणि दिवे कसे मारत होता, उजवीकडे ट्रक होता, त्याने डावीकडून ओव्हरटेक केलं, गाडी आडवी घातली, पुढे रस्ता मोकळा असताना ब्रेक मारला, स्कूटरचा कुठला भाग त्याच्या गाडीच्या कुठल्या भागाला लागला. खाली उतरून तो काय बोलला ते जसंच्या तसं. लिहायला लाज वाटेल, तरी नेमके शब्द लिहा. शिवीगाळ, धमकी आणि स्त्रीच्या विनयाचा अवमान यांची कलमं वेगवेगळी आहेत, आणि ‘अश्लील बोलला’ एवढ्यावर त्यातलं एकही नीट उभं राहत नाही.

तुम्हाला वाटत असेल की त्याने मुद्दाम पाडलं असंच लिहावं. जरा थांबा. त्याच्या मनात काय होतं हे तुम्ही पाहिलेलं नाही, त्याने काय केलं हे पाहिलं आहे. ‘जीवे मारण्याच्या उद्देशाने’ असं लिहिलं आणि ते टिकलं नाही, तर अख्ख्या जबाबावर शंका घेतली जाते. शिवाय विमा कंपनी म्हणू लागते की हा अपघातच नाही, गुन्हा आहे, आमची जबाबदारी नाही. ती हरकत प्रत्येक वेळी टिकते असं नाही. रिक्षा पळवण्यासाठी चालकाचा खून झाला तेव्हा रीटा देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मृत्यू मोटार वाहनाच्या वापरातून झालेला अपघातच धरला होता. पण नसती लढाई अंगावर का घ्यायची? घडलेलं कणभर वाढवू नका, कणभर दडपूही नका. सगळी कृती तपशिलाने आली की कोणतं कलम लावायचं ते तपासातून ठरेल, आणि गंभीर कलमाला जागा असेल तर ती त्याच तपशिलातून निघेल.

यजमान म्हणतात, आपण मागून धडकलो. त्यांची ही धास्ती मी समजू शकते आणि विमा कंपनी नेमकं हेच म्हणणार आहे: मागच्याने अंतर ठेवायला हवं होतं. पण अंतर ठेवायचं ते पुढे चाललेल्या गाडीपासून. कडेने घुसून आडव्या आलेल्या गाडीपासून अंतर कसं ठेवणार? २०१७ च्या केंद्रीय वाहनचालन नियमावलीत मागच्याने अंतर ठेवण्याबरोबर हेही आहे की पुढच्याने सबळ कारणाशिवाय अचानक ब्रेक मारू नये. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोइमतूरच्या एका प्रकरणात निकाल दिला. पुढच्या कारने हायवेवर एकाएकी ब्रेक मारला, मोटारसायकलवरचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी तिच्यावर आदळून पडला, मागून आलेली बस त्याच्या अंगावरून गेली आणि त्याला पाय गमवावा लागला. कारचालक म्हणाला की गरोदर पत्नीला उलटीची भावना झाली म्हणून थांबलो. न्यायालयाने तरीही निम्मी जबाबदारी कारचालकावर टाकली, तीस टक्के बसवर आणि वीस टक्के त्या मुलावर. तुमच्या प्रकरणात तर उलटी नाही, अडथळा नाही, आधीपासून पाठलाग आहे.

आणि समजा यजमानांचीही थोडी चूक निघाली, तरी तुमचा दावा त्यामुळे कमी होत नाही. हे नीट लक्षात घ्या. तुम्ही गाडी चालवत नव्हता. दोन चालकांच्या चुकीतून तिसऱ्याला इजा झाली, तर त्या तिसऱ्याने पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाकडूनही मागावी, असं २०१५ च्या खेन्येई निकालात स्पष्ट आहे. कपात झाली तर ती यजमानांच्या स्वतःच्या दाव्यात होईल. वकील कदाचित खबरदारी म्हणून स्कूटरच्या विमा कंपनीला आणि मालक म्हणून यजमानांनाही पक्षकार करायला सांगतील. नवऱ्याविरुद्ध केस कशी करू, असं मनात आणू नका, तो दाव्याच्या मांडणीचा भाग असतो.

हेल्मेटचंही बोलून टाकते. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, तो दंड तुम्हाला होऊ शकतो आणि यापुढे तुम्ही ते घालावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. पण हेल्मेट मनगट वाचवत नाही. नियमभंगाचा आणि दुखापतीचा संबंध दाखवता आला तरच तो भरपाईच्या आड येतो. मोहम्मद सिद्दीक या २०२० च्या निकालात एका मोटारसायकलवर तिघे होते, तेवढ्यावरून मृताची हयगय धरायला न्यायालयाने नकार दिला होता.

पुरावा. माझी सगळ्यात मोठी काळजी केसपेपरवरच्या ‘गाडी घसरली’ या शब्दांची आहे. त्या कागदावर खाडाखोड करायला कुणी सुचवलं तर हात जोडून नाही म्हणा, ते केलंत तर खरा दावाही खोटा ठरतो. दवाखान्यात लेखी अर्ज देऊन सगळ्या नोंदींच्या प्रती मागा आणि पोलिसांना दिलेली एमएलसीची (पोलीस प्रकरण असलेल्या जखमीची) सूचना आहे का ते विचारा, त्यात बऱ्याचदा वेगळं आणि नेमकं लिहिलेलं असतं. फिर्यादीत यजमानांनी सरळ सांगावं की मी घाबरलेलो होतो, बायको वेदनेने कळवळत होती, मी एवढंच बोललो. टेम्पोवाल्या दादांना आजच फोन करा. ते तुमचे सगळ्यात मोलाचे साक्षीदार आहेत, त्यांनी ब्रेक मारताना पाहिलं आहे आणि दवाखान्यातही तेच होते. पोलीस मागे लागतील म्हणून ते बिचकत असतील तर सांगा की मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम १३४-अ आता मोटार वाहन कायद्यात आहे, साक्ष द्यायची की नाही हे त्यांच्या मर्जीवर आहे. मर्जी असेल तर पोलिसांकडे त्यांचा जबाब होऊ द्या.

बायपासलगतचे पेट्रोलपंप, हॉटेलं, सेवा रस्त्यावरची दुकानं यांचे कॅमेरे जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसत जातात. दोन महिन्यांनी मिळणं अवघड आहे, तरी कुणीतरी जाऊन विचारून या, आणि पोलिसांना शहराच्या व हायवेच्या कॅमेऱ्यांचं चित्रण जप्त करण्याचा लेखी अर्ज द्या. काही मिळालं तर मूळ फाइल जशी आहे तशी ठेवा. पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतील. स्कूटर दुरुस्तीला टाकली नसेल तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो आणि विमा सर्व्हेअरची पाहणी. आदळल्याची खूण स्कूटरच्या कुठल्या बाजूला आहे यावरून गाडी आडवी आली की नाही हे कळतं.

एसयूव्हीच्या नंबरावरून विम्याची स्थिती एम-परिवहन ॲपवर दिसते. मालकाचं नाव, पॉलिसीचा तपशील मागितल्यावर देणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६० प्रमाणे पोलीस आणि आरटीओ यांचं कर्तव्यच आहे. गुन्हा नोंदला गेला की पोलिसांवर आणखीही बंधनं येतात. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम, ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे जायला हवा. जखमीने भरायचा एक नमुनाही त्यात आहे, तो मागून घ्या. नियम छान आहेत, पण त्यांच्या भरवशावर घरी बसू नका.

कारण मुदत. भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा, असं त्याच कायद्याचं कलम १६६ (३) सांगतं. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने, केवळ मुदत गेली म्हणून तूर्त दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेशही दिला. ज्यांची मुदत टळली आहे त्यांनी तो आदेश घेऊन वकिलाकडे जावं. तुमचे मात्र चार महिने हातात आहेत, तुम्ही त्या आदेशावर विसंबू नका. अपंगत्वाचा दाखला मिळाला नाही, उपचार चालू आहेत म्हणून थांबायचीही गरज नाही, दावा आधी आणि दाखला नंतर असं चालतं. दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयातल्या न्यायाधिकरणात करता येतो. चालक, मालक आणि विमा कंपनी हे तिघे सामनेवाले.

आता हिशेब. तुमची कमाई महिना १२ हजार, वर्षाला १,४४,०००. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून प्रणय सेठी या २०१७ च्या निकालातली भविष्यातल्या वाढीची ४० टक्के रक्कम मिळवली की २,०१,६०० होतात. सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात ३६ ते ४० वयाला गुणक १५ आहे. समजा, तुमची कमावण्याची क्षमता ३० टक्क्यांनी कायमची घटली असं न्यायाधिकरणाला पटलं. २,०१,६०० चे ३० टक्के ६०,४८०, त्याची पंधरा पट ९,०७,२००. मृत्यूच्या दाव्यात यातून वैयक्तिक खर्च वजा होतो, जखमीच्या दाव्यात नाही. यावर दवाखान्याचे नव्वद हजार, पुढे प्लेट काढण्याचा खर्च, हात बंद असतानाची बुडालेली कमाई, प्रवास, मदतीला ठेवलेली बाई, वेदना. आणि व्याज. क्षमता दहाच टक्के घटली असं ठरलं तरी नुसत्या कमाईपोटी ३,०२,४०० होतात. ही आकडेमोड म्हणजे वचन नव्हे. हाड पूर्ण जुळून हात पहिल्यासारखा झाला, तर कायमच्या नुकसानाचा भाग जाईल आणि खर्च, बुडालेले महिने व वेदना एवढंच राहील. तसं झालं तर मला आनंदच होईल.

इथे एक बारकावा आहे आणि शिवणकाम करणाऱ्या बाईसाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. शासकीय डॉक्टर दाखल्यात मनगटाचं अपंगत्व समजा १५ टक्के लिहितील. ते शरीराचं. कमाईचं किती, हा वेगळा प्रश्न आणि तो न्यायाधिकरणाने ठरवायचा. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात न्यायालयाने समजावलं आहे: डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास असेल, पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाई जवळपास शंभर टक्के जाते, सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. तुमचा उजवा हात आहे आणि कात्री, सुई, काज, हुक सगळं त्याच हाताने. म्हणून डॉक्टरांना सांगा की बोटांची पकड आणि मनगट किती वळतं याची मोजणी नोंदवा. आधी दिवसाला किती ब्लाउज व्हायचे आणि आता किती होतात, हे तुम्ही स्वतः वहीत लिहायला लागा. मापांची वही, ऑर्डरचा हिशेब, मोबाईलवर आलेले पैसे, अस्तर आणि दोऱ्याची बिलं, परत केलेल्या ऑर्डरींचे मेसेज हाच तुमच्या कमाईचा पुरावा. दोनतीन गिऱ्हाइकं शपथपत्र देतील का बघा. ‘घरी थोडंफार शिवते’ असं नम्रपणे कुणालाही सांगू नका. तो तुमचा धंदा आहे. आणि घरकाम करता त्यालाही किंमत आहे, कीर्ती विरुद्ध ओरिएंटल या २०२१ च्या निकालात गृहिणीच्या श्रमांचं मोल धरायलाच हवं असं न्यायालयाने म्हटलं आहे.

चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला सरसकट अडीच लाख, अशीही एक वाट कलम १६४ मध्ये आहे. पण ते स्वीकारलं की १६६ खालचा मोठा दावा संपतो. ज्यांच्याकडे साक्षीदारच नाही त्यांच्यासाठी ते ठीक. तुमच्याकडे टेम्पोवाले दादा आहेत, तुम्ही घाई करू नये असं माझं मत आहे. विमा कंपनीचा माणूस तडजोड घेऊन आला तर ऐकून घ्या, पण तडजोड न्यायाधिकरणासमोर किंवा लोकअदालतीतच होऊ द्या. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून तिथे सही करताना अपंगत्वाचा दाखला हातात असलेला बरा. एसयूव्हीचा विमाच नसला तर बोजा चालक-मालकावर येतो, आणि त्यांनी भरला नाही तर कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

लायसन्सचं. तुमचा राग रास्त आहे. कलम २०६ प्रमाणे पोलीस धोकादायक चालवणाऱ्याचं लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात, आरटीओ कलम १९ खाली त्याला अपात्र ठरवू शकतो, शिक्षा झाल्यास न्यायालयही तसा आदेश देऊ शकतं. फिर्यादीची प्रत जोडून तुम्ही स्वतः आरटीओला अर्ज करा. पण शिक्षेबद्दल खोटी आशा लावणार नाही: कलम १२५ (ब) जामीनपात्र आहे, तो त्याच दिवशी घरी जाईल. ते पाहून खचू नका, तुमचा दावा त्याच्या जामिनावर अवलंबून नाही.

इतर वाचकांसाठी एक मधेच सांगते. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मर्यादेत विनारोकड उपचारांची केंद्राची योजना लागू आहे. अपघात झाला की ११२ ला फोन करा आणि योजनेतलं रुग्णालय विचारा.

ताई, खर्चाची भीती बाळगू नका. स्त्री म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ने दिला आहे. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, फोनवर चौकशी करायची तर १५१००. स्वतःचा वकील लावलात तर मोटार अपघात दावे नेहमी चालवणारा बघा, आणि ‘मिळेल त्यातले इतके टक्के’ असा करार मागणाऱ्याला नको म्हणा, बार कौन्सिलच्या नियमांत तो बसत नाही. यजमानांना खरचटलं असेल, स्कूटर मोडली असेल, तर त्यांचाही वेगळा दावा त्याच वकिलाला दाखवा. पहिल्या भेटीला फिर्यादीची प्रत, दवाखान्याची फाइल, बिलांच्या मूळ पावत्या, स्कूटरची पॉलिसी, दोघांची आधार कार्डं, यजमानांचं लायसन्स आणि तुमची मापांची वही घेऊन जा. कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या कागदावर सही देऊ नका. दावा दाखल झाल्याचा क्रमांक लिहून घ्या, म्हणजे पुढची तारीख तुम्हाला ई-कोर्ट्सच्या ॲपवर घरबसल्या बघता येईल.